भरताची चक्रवाढ

आमच्या आप्पांना साधं बोलता येत नसे. बोलत ते भरपूर, पण सगळं शेकड्यात. आमटी खारट झाली तर मीठ दहा टक्के जास्त पडलं म्हणत, दिवा मिणमिणला तर वीज वीस टक्के कमी येतेय म्हणत, आणि ज्या वर्षी मी वर्गात पहिली आले त्या वर्षी माझ्या डोक्यावर हात ठेवून "गेल्या सालापेक्षा चार टक्के वाढ" एवढंच म्हणाले. ती त्यांची शाबासकी होती हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. जळगावच्या एका सरकारी कचेरीत ते आकड्यांच्या टेबलावर होते. कुठल्या तालुक्यात कपाशीचा पेरा वाढला, कुठे केळी वाढली, म्हशी किती कमी झाल्या, याचे तक्ते करून वर पाठवायचे हे त्यांचं काम. सकाळच्या एसटीनं नशिराबादहून जात, दिवेलागणीला परत येत, आणि येताना कचेरीतले टक्के डोक्यात घेऊनच येत. मोठी आई, म्हणजे आमची थोरली चुलती, म्हणायची की हा माणूस पाण्यात बुडाला तरी आधी पाणी किती टक्के वाढलं ते सांगेल आणि मग हाक मारेल.

घर दोन भावांचं होतं. थोरले नाना शेती बघत, धाकटे आप्पा नोकरी करत. स्वयंपाकघर एकच, त्यात मोठी आई आणि माझी आई. घराच्या पुढून थोड्याच अंतरावर हमरस्ता, त्यावरून रावेरकडचे केळीचे ट्रक दिवसभर धडधडत जायचे आणि आमच्या मांडणीवरचे पितळी डबे त्यांच्याबरोबर वाजायचे. कोणता ट्रक भरलेला आणि कोणता रिकामा हे आई डब्यांच्या आवाजावरून सांगायची. आई धुळ्याची, पांझरेच्या पलीकडे देवपुरात तिचं माहेर. ती एरवी आमच्यासारखंच बोले, पण रागावली किंवा फार हसू आलं की तिच्या तोंडून अहिराणी बाहेर पडे. आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर आजच्या मुलांना पुढचं कळणार नाही. त्या काळी आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, समोरासमोर बोलायचं नाही अशी रीत होती. नाना ओट्यावर बसलेले असले की आई पदर सारखा करून दाराआड उभी राही आणि मला म्हणे, "नानांना सांग, चहा झालाय." नाना दोन हातांवर बसलेले असत, त्यांना सगळं ऐकू येई. तरी मी जाऊन सांगायचं, आणि ते मला म्हणायचे, "तुझ्या आईले सांग, आन म्हना." मी नववीत होते आणि घरातलं टपालखातं माझ्याकडे होतं.

आईचं शिक्षण सातवीत सुटलं होतं. लग्न होऊन, मी मोठी होऊन, तिच्या मनातून शाळा काही गेली नव्हती. त्यात गावात बालवाडी सुरू होणार अशी बातमी आली आणि शिकवायला दहावी पास झालेली बाई हवी असं ठरलं. आईनं सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं. मराठी, इतिहास, भूगोल सगळ्यात ती सुटली, मराठीत तर चांगले मार्क पडले. गणितात एकोणीस. पुढल्या वर्षी नुसत्या गणिताला बसली, सत्तावीस. पास व्हायला पस्तीस लागत. सत्तावीसचा निकाल आला त्या दिवशी तिनं गणिताचं पुस्तक माझ्या दप्तरात ठेवलं आणि म्हणाली, "तुझ्या कामी येईल." बालवाडीची जागा अजून भरलेली नव्हती. सरपंचबाईंच्या नणंदेचं नाव कानावर येत होतं. तिसऱ्यांदा फॉर्म भरायची मुदत डिसेंबरात संपणार होती, आणि आई त्याविषयी अवाक्षर काढत नव्हती.

तिचं गाडं अडलं होतं ते चक्रवाढीपाशी. सरळव्याज तिला यायचं. पण चक्रवाढ म्हटलं की ती पाटीवरचा हात उचलून घेई. आप्पा शिकवायला बसत, आणि आप्पांचं शिकवणं म्हणजे तेच वाक्य तीनदा, दर वेळी थोडं मोठ्यानं. "व्याजावर व्याज, सिंधू. व्याजावर व्याज." आई म्हणायची, "मले नही समजत. व्याज एकदा लागलं ना, मग त्याच्यावर परत कसाले?" आप्पा कपाळाला हात लावत आणि जेवायला वाढ म्हणत. मला वाटतं आप्पांना वाईट वाटायचं, पण वाईट वाटलेलं दाखवायची रीत त्यांच्या टक्क्यांत बसत नव्हती.

आता भरताकडे येते. चंपाषष्ठी झाली की आमच्याकडे चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं पुन्हा ताटात येतं, आणि मग थंडीभर खानदेशात जो तो भरीत करत सुटतो. नानांनी काही वर्षांपूर्वी मळ्यात भरताचं जेवण घालायला सुरुवात केली होती. त्यासाठी लागत ती आमच्याकडची हिरवी, लठ्ठ, तळहातात न मावणारी वांगी. तुराट्यांच्या जाळावर ती टाकायची, साल काळी होऊन फुटली की काढायची, सोलायची, आणि लाकडाच्या बडगीत घालून ठेचायची. हे सगळं पुरुषांचं काम. हिरव्या मिरच्या आणि लसूण त्यातच ठेचायचा, शेंगदाण्याच्या तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि कांद्याची पात परतून वर ओतायची. त्या फोडणीचा चर्र आवाज झाला की मळ्यातली कुत्रीसुद्धा उठून बसत. बरोबर कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची, जाड, खरपूस. त्या भाकरी बायकांच्या वाट्याला. पुरुष भरीत ठेचून, घाम पुसून, गाणी म्हणून पहिल्या पंगतीला बसत आणि बायका चुलीपुढून शेवटी उठत तेव्हा भरीत गार झालेलं असे. माझ्या आईनं मळ्यातलं गरम भरीत कधी खाल्लं नव्हतं, हे मी तेव्हा लक्षातही घेतलं नव्हतं.

नानांची एक खोड होती. जेवण झालेल्या माणसाच्या हातावर पाणी घालताना ते प्रत्येकाला सांगत, "पुढल्या वर्साले एकटा येऊ नको." म्हणजे येताना एकाला घेऊन ये. खानदेशी माणसाला जेवायचं आमंत्रण दोनदा द्यावं लागत नाही. पहिल्या वर्षी पन्नास पानं उठली होती, दुसऱ्या वर्षी शंभर. तिसऱ्या वर्षी त्याच रविवारी गावात मोठं लग्न निघालं, निम्मे लोक तिकडे गेले आणि पानं परत पन्नासावर आली. चौथ्या वर्षी न आलेल्यांना चुटपुट लागून ते सहकुटुंब आले आणि पुन्हा शंभर झाली. हे आकडे मी गोल करून सांगते आहे. आप्पांकडे ते अगदी नेमके होते, कारण जेवणं झाल्यावर केळीची उष्टी पानं मोजायचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. सगळे पान खात गवतावर लवंडलेले असताना सरकारी नोकरीतला माणूस गुडघ्यात वाकून उष्टी पानं मोजतोय, हे दृश्य अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

पाचव्या वर्षीच्या भरताला आठ दिवस राहिले तेव्हा नाना ओट्यावर येऊन बसले आणि दर वर्षीप्रमाणे आप्पांना विचारलं की औंदा किती माणसं धरायची. वांगी सांगून ठेवायची होती, कळणा दळून आणायचा होता. जास्त केलं तर शिळं भरीत ढोरंसुद्धा खात नाहीत, आणि कमी पडलं तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. आप्पांनी चष्मा लावला, कागद घेतला आणि कचेरीतल्यासारखं ठेवणीतल्या आवाजात सांगितलं, "पहिल्यांदा शंभर टक्के वाढ. मग पन्नास टक्के घट. मग परत शंभर टक्के वाढ. शंभरातून पन्नास गेले पन्नास, त्यात शंभर मिळवले दीडशे, भागिले तीन. दरसाल सरासरी पन्नास टक्के वाढ. म्हणजे यंदा दीडशे माणसं." नानांनी मान डोलावली. आईच्या हातातली भाकरी परातीतच थांबली. तव्यावरची करपल्याचा वास आला तेव्हा मोठ्या आईनं ती उलटली.

थोड्या वेळानं आईनं मला दाराआड बोलावलं आणि हळूच विचारलं की शोभा, दुसऱ्या वर्षी शंभर, तिसऱ्या वर्षी पन्नास. म्हणजे पहिल्या वर्षी होते तेवढेच ना? मी हो म्हटलं. मग आप्पांच्या रीतीनं त्या दोन वर्षांची सरासरी किती आली? मी केली. शंभरातून पन्नास वजा, भागिले दोन, पंचवीस टक्के. दरसाल पंचवीस टक्के वाढ, आणि एक माणूस वाढलं नाही. "हाऊ कसा हिशोब शे?" ती म्हणाली. मी नववीतली, वर्गात पहिली आलेली, मलाही ते सांगता येईना. मी जाऊन आप्पांना विचारलं, तर आप्पा म्हणाले की तो कचेरीतला हिशोब आहे, तुझ्या आईला सांग भाकरी करपवू नको.

झालं. आईला हे लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, आप्पा कचेरीत आणि नाना मळ्यात असताना, तिनं शेंगदाण्याचा डबा काढला आणि आम्ही दोघी सुपात शेंगदाणे मांडत बसलो. पन्नास शेंगदाणे, पहिलं वर्ष. त्यात पन्नास घातले, शंभर झाले. त्यातले निम्मे काढले, पन्नास राहिले. आईनं हे दोनदा केलं आणि मग बोट नाचवत म्हणाली, "टक्का कशाचा ते आधी विचारायला पाहिजे. वाढले ते पन्नासावरचे टक्के. गेले ते शंभरावरचे. ते एकात एक कसे मिळवायचे?" ती म्हणाली की आपल्याला असा एक टक्का पाहिजे, जो दर वर्षी तोच लावला तर पन्नासाचे तीन वर्षांत शंभर होतील. आधी पन्नासाला लावायचा, जे येईल त्याला लावायचा, मग जे येईल त्याला लावायचा. आलेल्या माणसानं आणलेला माणूसही पुढल्या वर्षी माणूस आणणारच ना, म्हणाली, नाना त्याच्याही हातावर पाणी घालतात. आणि मग तिची ती थांबली. "व्याजावर व्याज," ती म्हणाली. "अवं बाई. हे ते शे."

आम्ही अंदाजानं सुरुवात केली. पंचवीस टक्के लावले. पन्नासाचे साडेबासष्ट झाले, तर आईनं एका शेंगदाण्याच्या दोन पाकळ्या करून अर्धी मांडली. त्यांचे अठ्ठ्याहत्तर आणि वर कण. त्यांचे साडेसत्त्याण्णव. शंभराला दोनतीन कमी पडत होते. मग सव्वीस लावले. त्रेसष्ट, एकोणऐंशी आणि थोडं, आणि शेवटी बरोबर शंभर. त्या वेळी आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नंतर तिला नातवंडं झाली तेव्हाच पुन्हा पाहिलं. दरसाल सव्वीस टक्के, म्हणजे यंदा एकशे सव्वीस माणसं. अर्धे शेंगदाणे आम्ही आनंदात खाऊन टाकले आणि संध्याकाळच्या कुटाला ते कमी पडले.

आता माझा नातू फोनवर कसलेकसले आलेख दाखवतो आणि म्हणतो, आजी, याचा सीएजीआर बघ, म्हणजे दरसालचा चक्रवाढ दर. कधी शंभर टक्के वर, कधी पन्नास टक्के खाली, जाहिरातीत सरासरी बघून लोक फसतात म्हणे. मी त्याला म्हणते, अरे, हे मला तुझ्या पणजीनं सुपात शिकवलंय. तो हसतो. त्याला वाटतं आजी काहीतरी जुनं बोलते आहे.

संध्याकाळी आप्पा आले, नाना ओट्यावर होतेच. आई दाराआड उभी राहिली आणि मी टपाल पोचवलं, की आईच्या हिशोबानं एकशे सव्वीस. आप्पा हसले. म्हणाले, दोनदा नापास झालेली बाई मला टक्के शिकवणार. ते थट्टेत म्हणाले हे मला आज कळतं, तेव्हाही कळत होतं बहुतेक, पण आईला त्या घटकेला कळलं नाही. दारामागून तिचा आवाज आला, आणि या वेळी तो माझ्यासाठी नव्हता. "चुकले तर फॉर्म भरणार नाही. बरोबर आलं तर भरीन. हे सगळ्यांच्या देखत सांगते." आप्पांचं हसू मावळलं. मोठी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. नाना पायाच्या अंगठ्याकडे बघत मला म्हणाले, "तुझ्या आईले सांग, वांगी तिच्या हिशोबानं आनतो." आप्पा त्या रात्री ताक न पिता झोपले, आणि ताक न पिणं ही त्यांची निषेध नोंदवायची सर्वांत कडक पद्धत होती.

आईनं स्वतःचं दहावीचं वर्ष वांग्यांवर लावलं होतं. माणसं काय शेंगदाणे आहेत, सुपात मांडली तिथे बसायला? मी आठवडाभर प्रत्येकाला विचारत सुटले, तुम्ही येणार का, कोणाला आणणार. आणि इथेच घोळ झाला. मी विचारत होते म्हणून लोक का विचारतेस म्हणून विचारत, आणि मी सांगत होते. मोठ्या आईनं नदीवर सांगितलं. आप्पांनी कचेरीत सांगितलं, थट्टा म्हणूनच. आमच्या किराणा दुकानदार शेठजींनी तर दुकानात येईल त्याला सांगितलं की नवराबायकोची पैज लागली आहे, दीडशे की सव्वाशे, रविवारी मळ्यात निकाल.

रविवारी उन्हं चढायच्या आत तुराट्या पेटल्या. धुराचा वास, बडगीत मुसळांची धपधप, चार चुलींवर भाकऱ्यांची थापथाप. आई आणि मोठी आई शेजारी शेजारी बसल्या होत्या. पहिली पंगत साठाची झाली, दुसरी पन्नासाची. एकशे दहा झाले म्हणून मी आईला डोळ्यांनी खुणावलं, आई हसली. तेवढ्यात बांधावरून दोन बैलगाड्या भरून माणसं उतरली. मग जळगावहून आप्पांच्या कचेरीतले लोक, वरच्या साहेबांसकट, सायकलींवर आले. दीडशेचा आकडा जवळ आला तसा आप्पांचा चेहरा फुलत गेला, आणि दीडशे मागे पडले तसा तो उतरायला लागला. शेठजी घरच्या सगळ्यांना घेऊन आले. ते वांगं खात नसत, कांदा-लसूणही नाही, तरी पान मांडून गूळभाकरी खात बसले, कारण त्यांना निकाल ऐकायचा होता. कोण कोण कशाला आलंय ते हातावर पाणी घेताना कळत होतं. वांगी खायला आले होते ते ठरलेलेच. बाकीचे सगळे पैज बघायला आले होते.

भरीत संपलं. मोठ्या आईनं उरल्यासुरल्यात दह्याचं मडकं ओतलं, ते पुरलं थोडा वेळ. नानांनी पोरं पिटाळली, शेजारच्या मळ्यांतून कच्ची वांगी आली, परत जाळ झाला. कळणा संपला तेव्हा गावातल्या घराघरांतून टोपल्यांत साध्या भाकऱ्या आल्या. केळीची पानं संपली, मग लोक भाकरीवरच भरीत घेऊन उभ्यानं खाऊ लागले, आणि आप्पांना मोजायला काही उरलं नाही. ते मळ्याच्या मध्यभागी हात खाली सोडून उभे होते. त्या दिवशी नक्की किती माणसं जेवली हे आजतागायत कोणाला माहीत नाही. उपाशी मात्र कोणी गेलं नाही.

मी आईला शोधत चुलींमागे गेले. ती राखेजवळ बसली होती, कोपरापर्यंत पीठ. मला बघून ती म्हणाली, "चुकलं ना. आपलं काम नव्हतं ते." रडली नाही. एवढंच म्हणाली आणि परात खरवडू लागली, आणि मला इतकं वाईट वाटलं की मी तिच्या हातातून परात ओढून घेतली. पुस्तक माझ्या दप्तरातच राहणार, बालवाडी त्या नणंदेला जाणार, आणि हे सगळं मी गावभर बोंब मारली म्हणून.

तेवढ्यात मळ्यात कोणीतरी ओरडून विचारलं, निकाल काय, कोण जिंकलं. आणि आप्पा बोलायला लागले. मी आईला उठवलं आणि आम्ही कडब्याच्या गंजीआड उभ्या राहिलो. आप्पांच्या हातात विझलेलं कोलीत होतं आणि पुढे वांग्यांच्या खोक्याचा पुठ्ठा. त्यावर त्यांनी पन्नास, शंभर, पन्नास, शंभर असं काढलं होतं. कचेरीतले लोक पुढे होते. आप्पा म्हणाले, "शंभर टक्के वाढले आणि पन्नास टक्के गेले, की माणसं होती तेवढीच राहतात. माझ्या सरासरीत ती दरसाल पंचवीस टक्के वाढतात. मी रात्रभर हे खोडून बघितलं. रीत सिंधूची बरोबर आहे. माझी चुकली." मग घसा खाकरून म्हणाले, "शंभर टक्के चुकली." लोक हसले. आप्पा हसले नाहीत. टक्क्यांच्या बाबतीत त्यांनी चूक कबूल केलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली, आणि तीही वरच्या साहेबांपुढे. मला तेव्हा ते फार आवडले.

कोणी तरी म्हणालं की पण मग माणसं एकशे सव्वीस कुठे होती? त्यावर नाना उठले. ते गंजीच्या दिशेनं आले, आईपुढे उभे राहिले. आईनं घाईनं पदर ओढला. मी टपालासाठी पुढे झाले, पण नानांनी मला हातानं बाजूला सारलं आणि आईशी बोलले. "गनित बरोबर हाये," ते म्हणाले. "मानसं चुकली. फॉर्म भर."

आई खाली मान घालून म्हणाली की मी पैज हरले. आप्पा मागून आले होते. म्हणाले, "मीपण हरलो. दोघंही हरले तर पैज कसली?" मग त्यांनी आईच्या हातात एक पान दिलं, कुठून तरी राखून ठेवलेलं शेवटचं, त्यावर आताच ठेचलेलं भरीत, वाफ येत असलेलं. आईनं ते चुलीपुढे बसून खाल्लं, सगळ्यांच्या देखत, आणि मध्येच हिरवी मिरची लागून डोळ्यांतून पाणी आलं तेही पुसलं नाही.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी आप्पा स्वतः जाऊन फॉर्म देऊन आले. तीन महिने आमच्या घरात सुपात शेंगदाणे, मटकी, तुरीचे दाणे, मिळेल ते मांडलं जात होतं. आप्पा शिकवत, पण आता आवाज न चढवता, आणि आई विचारी, "टक्का कशाचा?" तेव्हा ते थांबून सांगत. मार्चात पेपर देऊन आई बाहेर आली. मी धावत जाऊन विचारलं, चक्रवाढ सुटली का? ती म्हणाली, चक्रवाढ आलीच नाही. इतका राग आला होता तिला त्या पेपर काढणाऱ्याचा.

निकालाच्या वेळी आम्ही दोघी देवपुरात मामाकडे होतो. मुद्दामच, असं मला वाटतं. नशिराबादच्या बायकांपुढे तिला तिसऱ्यांदा ते ऐकायचं नव्हतं. दुपारची वेळ, मामी कुरडया वाळत घालत होती, आई ओट्यावर सातूचं पीठ चाळत होती, आणि रस्त्याच्या टोकाला आप्पा दिसले. हातात पिशवी, डोक्यावर रुमाल, जळगावहून एसटीनं उभ्यानं आलेले. आईच्या हातातली चाळणी थांबली. आप्पा ओट्याशी आले, चपला काढल्या, आणि म्हणाले, "पास."

एवढंच. ना टक्के, ना आकडा. मला वाटलं यांना ऊन लागलं. आईनं विचारलं, "किती?" आप्पांनी पिशवीतून गुणपत्रिका काढून तिच्या पिठाच्या हातात दिली आणि म्हणाले, "ते तूच काढ."

गणितात अडतीस होते. आईनं गुणपत्रिका मांडीवर ठेवली. मग परातीतल्या पिठावर बोटानं लिहायला लागली. एकोणीस, सत्तावीस, अडतीस. एकोणिसाचे दोन वर्षांत अडतीस, म्हणजे दुप्पट. दरसाल किती? तिनं चाळीस टक्के लावून बघितले, थोडे कमी पडले. बेचाळीस लावले, थोडे जास्त झाले. मामी कुरडया सोडून येऊन उभी राहिली. "एकेचाळीस, आणि वर थोडे," आई म्हणाली.

आप्पांनी पिठात वाकून बघितलं. त्यांना राहवलं नाही. "बरोबर. म्हणजे याच दरानं पुढच्या वर्षी चोपन्न पडतील."

"पुढच्या वर्षी कशाला?" आई म्हणाली. "पास झाले ना मी."

आणि हे म्हटल्यावर, तिचं तिलाच ते पहिल्यांदा ऐकू आलं. तिनं पिठाचे दोन्ही हात तोंडावर घेतले. "पास झाले मी," ती परत म्हणाली, आणि आप्पा तिच्याशेजारी ओट्यावर बसले.